आक्का, भट्टी मी पेटवली

आक्का, दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळण्याआधी मीच सांगते. भट्टी मी पेटवली. तुला पोचवलं त्याच्या चौथ्या दिवशी, भर सकाळी, मागचं दार सताड उघडं टाकून. लपूनछपून केलं असतं तर एक वेळ चाललं असतं म्हणे. पण ओट्यावर दारवर, म्हणजे सांत्वनाला, आलेल्या बाया बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात आपल्याच घरचा चहा, आणि मी त्यांच्या मधून मेणबत्त्यांच्या मेणाची गोणी ओढत नेली. फुईंचा हुंदका अर्ध्यात थांबला. सासऱ्यांची बहीण म्हणून सुतकाचा सगळा कायदा त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, मयताच्या घरात धंदा? मी म्हटलं, तिसरा झाला तशी घरातली चूल पेटली, दिवसातून वीस वेळा चहा उकळतो, भाजीला फोडणी बसते, मग मेणानंच काय घोडं मारलंय?

तू नको म्हणाली होतीस, हे मी विसरले नाही. विसरायला काही वर्षं लोटलेली नाहीत. नंदुरबारच्या दवाखान्यातली ती खाट, तुझ्या हाताला लावलेली सलाईन, पायाशी स्टुलावर बसलेले दादा. नवरा म्हणून ते तीन दिवस तिथून हलले नव्हते. तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोप लागली. आणि एकदम स्पष्ट आवाजात म्हणालीस, "शोभा, मी गयी का तेरा दिन भट्टी पेटाडू नको. लोके तुले बोलतीन, आन् तुन्ही बाजूथीन बोलाले मी ऱ्हासू नही."

दादांनी माझ्याकडे बघितलं. तूही बघत होतीस. मी सलाईनच्या थेंबांकडे बघत बसले. हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन येईपर्यंत तू गेली होतीस. मरणाऱ्या माणसाला नुसतं हो म्हणायला काय जातं, हा प्रश्न आता सगळं घर मला विचारतं. तोंडानं नाही विचारत, पाठ फिरवून विचारतं.

चारचौघांत मी तुला कायम 'अहो आक्का' म्हटलं. थोरली जाऊ, वयानं चौदा वर्षांनी मोठी, तुझ्यासमोर मी खुर्चीवर बसत नसे. पण मागच्या खोलीत मेण वितळायला लागलं की ते अहो-जाहो आपोआप गळून पडायचं. गरम पातेलं हातात असताना 'अहो आक्का, जरा सरकता का' म्हणायला वेळ कुणाला आहे? 'आक्का, सरक' एवढंच. तेच आज इथं चालवतेय. आणि शाळेतल्या मराठीत लिहितेय म्हणून तू नाक मुरडशील, ते वेगळं. बारावीपर्यंत शिकून मला दुसरं काही लिहिताच येत नाही.

तू गेलीस तेव्हा नाताळाला अठरा दिवस राहिले होते. नवापूरकडच्या सात गावांच्या प्रार्थनाघरांना आपल्या मेणबत्त्या जातात, हे काही आजचं नाही. पाळकांचा फोन आला. म्हणाले, ताई, कळलं, फार वाईट झालं. यंदा तुम्ही त्रास घेऊ नका, आम्ही सुरतहून मागवून घेऊ, पुढच्या वर्षी बघू. भला माणूस, मनापासून म्हणाला. पण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणजे काय असतं ते मी एकदा बघितलंय आणि तूही बघितलंयस. मी म्हटलं, माल वेळेवर पोचेल.

सासूबाई गेल्या ते वर्ष आठव. दिवाळीच्या तोंडावर गेल्या. साचे भरलेले होते, नंदुरबारच्या दुकानदारांचा माल निम्मा तयार होता. तू भट्टी विझवलीस आणि खोलीला कडी घातलीस, तेरा दिवस. मी किती बोलले तुला. म्हटलं, या बाईनं पंचवीस वर्षांत तुला एकदा धड हाक मारली नाही, तुझ्या हातच्या मेणबत्त्यांना भुतांचे दिवे म्हणाली, आणि तिच्यासाठी तू हातचं काम घालवतेस? तू म्हणालीस, सासू वाईट होती, पण सासू होती. दुकानदार काही तेरा दिवस थांबले नाहीत. त्यांनी गुजरातचा माल भरला, चकचकीत कागदातला, आणि त्यांच्या फळीवर आपल्याला परत जागा मिळायला दोन दिवाळ्या गेल्या. साच्यावर बसणाऱ्या मंगलाला आपण काम नाही म्हणून सांगितलं. ती तान्ही पोर पाठीशी बांधून नवऱ्यामागे गुजरातमध्ये ऊसतोडीला गेली. ते मला अजून टोचतं. एक बाई मेली म्हणून दुसरीनं पोटाला चिमटा घ्यायचा, हे कुठलं सुतक? तेव्हाच रागाच्या भरात मी तुला म्हटलं होतं, तू मेलीस ना आक्का, तर मी एक दिवसही भट्टी बंद ठेवणार नाही. तू हसलीस आणि म्हणालीस, तेव्हाचं तेव्हा. आता ते तेव्हा आलं.

आता भावकी म्हणते की काम सगळं आक्कांचं, शोभा नुसती हाताखाली होती. म्हणू देत. सुरुवात कशी झाली ते आपल्या दोघींनाच माहीत. दादांनी मिरची लावणं सोडलं आणि मागची मिरचीची खोली रिकामी पडली. तू कुठल्याशा बचत गटाच्या बायांना मेणबत्त्या करताना बघून आलीस आणि घरी येऊन म्हणालीस, त्यात काय आहे, मेण वितळवायचं, वात सोडायची, झालं. झालं म्हणायला तुझं काय जात होतं! गावात पहिल्यांदा उठलं काय, तर धानोऱ्याच्या दोन जावांनी भट्टी लावली. दोन-तीन दिवस संध्याकाळी माणसं मागच्या दाराशी घुटमळायची. एक जण तर घरून रिकामी बाटली घेऊन आला होता. तू त्याच्या हातात मेणबत्ती ठेवलीस आणि म्हणालीस, हिच्या उजेडात घर शोध.

चुकलो ते वातीपासूनच. आपल्याला वात वळायला कोण शिकवणार? आई, आजी, पणजी, सगळ्या मांडीवर कापूस वळत आल्या. सुताची विणलेली वात विकत आणायची म्हणजे मूर्खपणा, असं तुझं म्हणणं आणि तेव्हा माझंही तेच. सगळा श्रावण दोघींनी बसून वाती वळल्या. मेणबत्त्या दिसायला काय देखण्या झाल्या होत्या! लावली की पाच मिनिटं जळायची, डोक्यावर काळं बोंड धरायची, तडतडायची आणि स्वतःच्याच मेणात बुडून विझायची. आपण मेणाला दोष दिला, साच्याला दिला, मंगलाच्या हाताला दिला. शेवटी नंदुरबारला साचे नीट करून देणाऱ्या चाचांनी एक मेणबत्ती उभी चिरून बघितली आणि म्हणाले, बेटी, ये तो दिये की बत्ती है. त्यांनीच समजावलं की तेल पिणारी वात वेगळी आणि मेण पिणारी वेगळी. विणलेली वात जळता जळता बाजूला वाकते, तिचं टोक जळून जातं आणि काजळी साठत नाही. आपली वळलेली वात ताठ उभी राहायची आणि गुदमरायची. तू तीन दिवस कुणाशी बोलली नाहीस. मग त्या उरलेल्या वाती वर्षभर देवापुढच्या दिव्यात जाळल्यास, पण एक फेकली नाहीस.

आणि मिरचीची गोष्ट तर मी मरेपर्यंत सांगणार आहे, तुला आवडो न आवडो. पहिल्या नाताळाला पाळकांना लाल मेणबत्त्या हव्या होत्या. मी म्हटलं, रंग सुरतहून मागवू. तू म्हणालीस, नंदुरबार तालुक्यात राहून लाल रंग विकत आणायचा? लोक हसतील. आणि वस्त्रगाळ मिरचीपूड मेणात ढवळलीस. मी चमचा धरून उभी होते, म्हणजे माझीही अक्कल तेवढीच. साच्यात मेणबत्ती उलटी असते, डोकं खाली. पूड सगळी तळाला जाऊन डोक्यात बसली. मेणबत्त्या वर लालभडक आणि खाली गुलाबी अशा निघाल्या, आपण म्हटलं वा, दोन रंग! प्रार्थनाघरात सगळ्यांनी एकदम लावल्या आणि पहिल्याच गाण्याला सगळी मंडळी खोकायला लागली. म्हातारी माणसं बाहेर पळाली, पाळक दारात उभे राहून डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन नवापूरची एसटी धरलीस. मी म्हटलं, कशाला आता तोंड दाखवायचं, तू म्हणालीस, दाखवलं नाही तर जन्मभर लपवावं लागेल. पाळकांपुढे हात जोडलेस, उरलेल्या मेणबत्त्या मोजून न घेता सगळ्या पोत्यात भरल्यास, सतरंजीवर सांडलेलं लाल मेण नखानं खरवडून काढलंस. आणि बाहेर पडल्यावर मला हळूच म्हणालीस, "चला, सगळासनी दिष्ट तं निंघनी." मी नंदुरबारपर्यंत हसत होते, कंडक्टर वळून वळून बघत होता. पाळकांनी पुढच्या वर्षी परत निरोप पाठवला. चूक सगळ्यांकडून होते, पण चूक कबूल करायला दारापर्यंत कुणी येत नाही, असं ते म्हणाले. ती ऑर्डर अशी मिळालेली आहे, आक्का. तुझ्या दोन्ही हातांनी मिळवलेली आहे. ती मी सुरतेच्या दुकानात जाऊ देणार?

सहाव्या दिवशी शेजारच्या गावची एक सून दारवर आली. रडून झाल्यावर डोळे पुसत माझ्या कानाशी लागली आणि विचारलं, ताई, मलाही मेणबत्तीचं काम सुरू करायचंय, कसं करू? फुईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मी त्या पोरीला मागच्या खोलीत नेलं आणि तुझंच सगळं सांगितलं. एकच माप धर, वर्षभर दुसऱ्या मापाला हात लावू नको. मेणाचं पातेलं विस्तवावर थेट ठेवू नको, पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेव, आणि कधी मेणानं पेट घेतलाच तर वर झाकण टाक, पाणी चुकूनही ओतू नको. साच्याला आतून तेलाचा हात फिरव. आपल्याकडच्या उन्हाला मऊ मेण टिकत नाही, कडक मेण घे आणि ते घट्ट करायची पांढरी पूड, स्टिअरिक, तिच्यात काटकसर करू नको. आपल्या पहिल्या आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या उन्हाचं, तिला सांगितलं, दुकानाच्या पत्र्याखाली मेणबत्त्या कमरेतून वाकल्या होत्या आणि दुकानदार भांडायला आला तेव्हा तू त्याला म्हणालीस, "तुले नमस्कार करी ऱ्हायन्यात." तीही हसली, मीही हसले, आणि बाहेर बाया गप्प झाल्या.

हेही सांगितलं की प्रत्येक घाण्यातली एक मेणबत्ती विकायच्या आधी घरी लाव आणि शेवटपर्यंत जळू दे, समोर बसून बघ. नातेवाइकांना फुकट देऊ नको, ते कपाटात जपून ठेवतात आणि लावत नाहीत, मग चांगली झाली की वाईट ते कळत नाही. गिऱ्हाईक नावं ठेवायला आलं तर त्याला बसायला दे, पाणी दे, ते फुकटात शिकवायला आलेलं असतं. हे सगळं तुझं. मी काही गाळलं नाही.

एकच गाळलं. शेजाऱ्याचं बघून नव्याच्या नादी लागू नको, हे तुझं वाक्य मी गिळून टाकलं. मला ते कधीच पटलं नव्हतं. काचेच्या ग्लासातल्या सुवासाच्या मेणबत्त्या करू या म्हणून मी दोन वर्षं तुझ्या मागे लागले होते. सुरतेत लोक त्या दिवाणखान्यात लावतात, भेट म्हणून देतात. तू म्हणायचीस, "वास लेवासाठे लोके मेणबत्ती लायतीन? मंग अगरबत्ती मरी गयी का?" मी मोगऱ्याच्या वासाची एक करून दाखवली तेव्हा नाक दाबून खोलीबाहेर गेलीस. ढोंगी कुठली. नंतर तीच मेणबत्ती तुझ्या लुगड्यांच्या पेटीत सापडली, ते मी तेव्हा मुद्दाम बोलले नाही. या उन्हाळ्यात मी ग्लास आणणार आहे. बुडाले तर बुडाले. तू असतीस तर म्हणाली असतीस, हात दाखवून अवलक्षण. म्हण की. मी तरी करणार.

चौथ्या दिवसाचं पुढचं सांगायचं राहिलं. पाण्याला आधण आलं आणि दादा मागच्या दारात येऊन उभे राहिले. सोळा वर्षांत मी दादांशी डोळे वर करून बोललेले नाही, तुला माहीत आहे. पदर पुढे ओढला आणि उभी राहिले. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "शोभा, तिनी तुले सांगेल व्हतं ना?"

मी म्हटलं, "सांगेल व्हतं, दादा. मी हा म्हनेल नही."

 दाढी वाढलेली, टोपी नाही, एवढे उंच गृहस्थ, एरवी दारात मावत नसत, ते त्या दिवशी लहान दिसत होते. मग वळून गेले आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. ह्यांना साखर कारखान्यातून ऐन हंगामात तीनच दिवसांची सुटी मिळाली होती, ते पुरुषोत्तमनगरला परत गेले होते. फोनवर म्हणाले, कशाला सगळ्यांशी वैर घेतेस. मी म्हटलं, तुम्ही तुमचा हंगाम बघा, मी माझा बघते.

आणि एवढं तोंड वाजवून पहिला घाणा वाया घालवला. मेण कधी ओतायचं ते तू ठरवायचीस. पातेल्याच्या कडेला सायीसारखा पातळ पापुद्रा धरला की 'आते वत' म्हणायचीस. माझा हात कायम पुढे आणि तुझं थांब कायम आडवं. आता थांब म्हणायला कुणी नव्हतं. मी ओतलं. मेण फार गरम होतं, निम्मं वातीच्या कडेनं खालच्या भोकांतून वाहून गेलं आणि उरलेलं साच्याला चिकटून बसलं. मंगला आली होती. धंदा परत उभा राहिल्यापासून साच्यावर पुन्हा तीच बसायची, पण या वेळी मी बोलावलं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि लाकडी पट्टीनं साचा खरवडायला बसली. मी भिंतीला पाठ लावून रडले. दवाखान्यात रडले नव्हते, तुला उचललं तेव्हा रडले नव्हते, फुईंनी गळ्यात पडून हंबरडा फोडला तेव्हाही डोळे कोरडे होते आणि त्यावरूनही चर्चा झाली. एक घाणा बिघडला म्हणून रडले, पार नाक लाल होईपर्यंत. मग तोंड धुतलं, तेच मेण परत पातेल्यात टाकलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, कडेला पापुद्रा धरेपर्यंत. दुसरा घाणा साच्यातून सुळकन निघाला.

लोक बोलले. तू म्हणालीस तसंच झालं, फक्त तुझा अंदाज कमी पडला. म्हणे जाऊ कधी मरते याची वाटच बघत होती. म्हणे सुतकाच्या हातच्या मेणबत्त्या देवाच्या घरात जाणार, त्या बिचाऱ्यांचं तरी कसं भलं व्हायचं. हे मी पाळकांना फोनवर सांगितलं, कारण त्यांना अंधारात ठेवून माल द्यायचा नव्हता. ते म्हणाले, ताई, आमच्यात सुतक नसतं, दुःख असतं, आणि दुःखाच्या हाताला आमची हरकत नाही. मी परत पातेल्याकडे गेले.

सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी फुईंनी मला रांधायच्या जागेपासून लांब ठेवलं. पंगतीत भावकीतल्या बायांनी माझ्या हातून पाणी घेतलं नाही. मी तांब्या घेऊन पुढे गेले की पेल्यावर हात. ज्यांच्या लेकींच्या बाळंतपणात मी रात्र-रात्र बसले त्यांनीही पेल्यावर हात ठेवला. वाईट वाटलं का? वाटलं. दगड नाही मी. तांब्या खाली ठेवला आणि मागे जाऊन खोकी बांधायला बसले. तुझ्या फोटोला हार घालायला हाक मारली तेव्हा उठले नाही. तुला हार आवडायचे नाहीत, गळ्याला खाजतं म्हणायचीस. पण एकदाही मनात आलं नाही की चुकलं. आजही येत नाही.

नाताळाच्या तीन दिवस आधी माल पोचला. मंगला आणि मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. पाळकांनी प्रत्येक खोक्यातली एक मेणबत्ती लावून बघितली, मीच म्हटलं बघा म्हणून. मग म्हणाले, सभेत आक्कांसाठी प्रार्थना करणार आहोत, त्यांचं नाव काय सांगू? सोळा वर्षांत तुझं नाव मी एकदाही तोंडाने घेतलेलं नव्हतं. सगळा गाव आक्का म्हणायचा, मीही तेच.  म्हटलं, कमल. कमलबाई सांगा. पाळकांनी वहीत लिहून घेतलं. परत येताना मंगला खिडकीबाहेर बघत म्हणाली की यंदा तिला ऊसतोडीला जावं लागणार नाही. 

काल संध्याकाळी दादा परत मागच्या दाराशी आले. सुतक फिटलं, पाहुणे गेले, फुईही गेल्या. दादा उंबऱ्यावर बसले, मी साचे पुसत होते. तुझ्या बसायच्या पाटाकडे त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली. मग म्हणाले, "हा म्हनाले तुन्हं काय जात व्हतं, शोभा?" आवाजात राग असता तर मी फाडकन उत्तर दिलं असतं. राग नव्हता, खरंच विचारत होते. मी साचा पुसत राहिले. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गेले.

दादांना सांगता आलं नाही ते तुला सांगते. त्या दिवशी दवाखान्यात माझ्या डोक्यात नाताळ नव्हता, ऑर्डर नव्हती, सासूबाईंचं जुनं उट्टंही नव्हतं. ते सगळं खरं आहे, पण ते नंतरचं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं, आणि तू आयुष्यात एकही भांडण अर्ध्यात टाकून उठली नव्हतीस. माझ्या लग्नात मानाच्या साडीवरून निघालेला वाद तू माझ्या लेकीच्या बारशात संपवलास, आणि तोही मला चूक म्हणायला लावून. मला वाटलं, मी हो म्हटलं नाही तर तू चिडशील. उद्या परत विषय काढशील, परवा परत काढशील, मी परत गप्प बसेन, आणि याचा निकाल लागेपर्यंत तुला कुठे जाता येणार नाही. हो म्हटलं असतं तर तू मोकळी झाली असतीस, आक्का. मला तुला मोकळं करायचं नव्हतं.